पहिल्या गिअरची थरथर

मी एक हिरवी गाडी बोलतेय. हिरवी म्हणजे एके काळी हिरवी. आता छपरावरचा रंग उडालाय आणि डाव्या दाराखाली गंजाने आपलं बस्तान बसवलंय. माझे गिअर हाताने टाकावे लागतात. सिग्नेट गावाबाहेर, वूली कुटुंबाच्या घरासमोर, पिवळ्या फुलांच्या वॉटल झाडाखाली मी उभी असते. पूर्वी मी शेडमध्ये असायचे. शेडमध्ये आता कोण असतं तेही सांगेन, पण जरा दमाने. तिचं नाव निघालं की माझ्या रेडिएटरमधलं पाणी उकळायला लागतं.

माझा जन्म मेलबर्नच्या एका कारखान्यातला. तिथे आम्ही बहिणी रांगेत उभ्या होतो, पण कुणी कुणाचा हेवा करत नव्हतं. सगळ्या सारख्याच होतो, हेवा करणार कशाचा? मग मला जहाजात चढवून समुद्रापलीकडे टास्मानियात आणलं. वाटेत इतके हेलकावे बसले की टाकीत पेट्रोल असतं तर मी ओकलेच असते. होबार्टच्या एका दुकानात काचेमागे माझी स्थापना झाली. लोक यायचे, दार उघडायचे, आपटायचे, आणि 'बघू' म्हणून निघून जायचे.

एक दिवस मर्ल आली.

मर्ल वूली तेव्हा चाळिशीची होती. सफरचंदांच्या पॅकिंग शेडमध्ये काम करून हात खरखरीत झालेले, अंगात चर्चला जाताना घालायचा कोट. सोबत नवरा होता, सेस. दुकानातला माणूस माझं सगळं गुणगान सेसला ऐकवत होता आणि सेस मान डोलवत होता. शेवटी मर्ल म्हणाली, "अहो, त्यांना काय सांगताय? गाडी मी घेतेय."

तो माणूस इतका गोंधळला की तरीही त्याने किल्ली सेसच्याच हातात ठेवली. मर्लने ती सेसच्या हातातून काढून घेतली. त्या घटकेला मी तिची झाले, मनापासून झाले.

सेसचा स्वतःचा ट्रक होता आणि त्याला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. घरी जाताना तो माझ्या डाव्या सीटवर बसला आणि होबार्टपासून सिग्नेटपर्यंत त्याचं तोंड मिटलं नाही. "क्लच, मर्ल, क्लच! अगं, पाय काढू नकोस. मागे घसरेल! मागचा काय म्हणेल?" मर्ल ओठ घट्ट मिटून मला चालवत होती. मला तर त्याला वाटेतच उतरवून द्यावंसं वाटत होतं.

पुढची वर्षं आमची होती. मर्ल मला घेऊन पॅकिंग शेडला जायची, बुधवारी बोल्स क्लबला जायची. तिथल्या कापलेल्या हिरवळीवर म्हाताऱ्याकोताऱ्या पांढरे कपडे घालून गोळे घरंगळवतात, त्यात मर्लचा नेम सगळ्यांत चांगला. फाटकाजवळ सफरचंदांचा लाकडी स्टॉल होता, तो सेसने बांधलेला. तिथे पिशव्या मांडायच्या, शेजारी डबा ठेवायचा, येणाऱ्याजाणाऱ्याने पैसे टाकून पिशवी उचलायची. पिशव्या बागेतून स्टॉलपर्यंत माझ्या मागच्या सीटवरून जायच्या, म्हणून माझ्या अंगाला सफरचंदांचा वास लागला तो लागलाच. सेस गेला त्या दिवशी मर्ल दवाखान्यातून बाहेर आली, माझ्यात बसली आणि बराच वेळ किल्लीच फिरवली नाही. रडली ती माझ्यापाशी, दुसऱ्या कुणापाशी नाही. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढे जे झालं ते ऐकताना लक्षात असू द्या.

मर्लचा डावा पाय कायम माझ्या क्लचवर असायचा. गिअर बदलायचा असो वा नसो, सरळ रस्त्यावरसुद्धा तिच्या बुटाचा तळवा पेडलवर टेकलेला. आणि आमच्या घराची वाट जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे एक छातीवरचा चढ आहे. लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक तिथून धाडधाड जातात. ते जाईपर्यंत थांबावं लागतं. मर्ल हँडब्रेक ओढायचीच नाही. क्लच अर्धा सोडून, थोडी रेस देऊन, मला चढावर तशीच तोलून धरायची. माझ्या पोटात ऊब दाटून यायची. मला वाटायचं, ही मायेची ऊब. आई पाठीवर हात ठेवून बसते ना, तसं.

मग कधीतरी ती थरथर सुरू झाली. हिवाळ्यात सकाळी नदीवरून धुकं यायचं, मर्ल पहिला गिअर टाकून क्लच सोडायची आणि माझं अंग थडथडायचं. समोरच्या कप्प्यातली तिच्या चष्म्याची डबी खुळखुळायची. मर्ल हसून म्हणायची, "थंडी वाजते गं तुला?" आणि माझ्या स्टिअरिंगवर थोपटायची. मला ती थरथर आवडायला लागली होती, खरं सांगते.

पुढे मर्लचा डावा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावलं, त्या पायावर जोर द्यायचा नाही, क्लच विसरायचा. त्याच सुमाराला तिचा मुलगा लिंडसे ब्रिस्बेनहून परत आला. नदीत पिंजऱ्यांत सॅमन मासे पाळतात, तिथे त्याला बोटीवरचं काम मिळालं. पहाटेच तो आपल्या पिकअपमधून निघून जायचा आणि घरात दोघीच उरायच्या. मर्ल आणि लिंडसेची बायको, रोवीना.

रोवीना उंच, उन्हाने नाकावर ठिपके पडलेली, मोठ्याने हसणारी. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची, त्यांच्या जखमांची पट्टी बदलायची, दोन घास खाऊ घालायचे, असं तिचं काम. त्याला गाडी हवीच. मर्लने व्हरांड्यात उभं राहून किल्ली तिच्या हाती दिली. "जपून चालव. माझ्याकडे हिने कधी त्रास दिला नाही."

रोवीनाने दार उघडलं आणि पहिलं वाक्य काय बोलली? "ईऽ, कसला वास हा? सफरचंदं कुजलीत का आत?"

मग तिने सीट पार मागे ढकललं. मर्लची पाठीची उशी उचलून मागे फेकली. रेडिओ लावला तोही भलत्याच स्टेशनवर. माझा नुसता जळफळाट झाला. काल आलेली बाई, आणि माझ्या अंगाखांद्यावर घर मांडतेय!

तिने क्लच सोडला आणि मी थरथरले. काचा वाजल्या, समोरचा कप्पा आपोआप उघडला, त्यातले कागद तिच्या मांडीवर सांडले. व्हरांड्यातून मर्ल ओरडली, "पाय! तुझा पाय बघ!"

थरथर तीच होती. मर्लच्या वेळी ती माझी थंडी होती, आता ती रोवीनाचा पाय झाली. माणसांचं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि बरंही वाटलं. ऐकव मर्ल, आणखी ऐकव, असं झालं मला.

आणि मर्लने ऐकवलं. बुधवारी क्लबला जाताना ती डाव्या सीटवर बसायची, हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून.

"ब्रिस्बेनला रस्ते सपाट असतात वाटतं?"

"चढ आहेत की, मर्ल. गाड्या थरथरत नाहीत एवढंच."

"गाड्या नाही थरथरत बाई. माणसं थरथरवतात."

"मग तुम्हीच सांगा, कसा सोडू? हळू सोडला तरी थरथरते, पटकन सोडला तरी थरथरते."

"ते सांगून येत नाही. ते पायात असावं लागतं."

रोवीना पुढचा गिअर टाकायची. तिच्या मानेवर लाल चट्टे उठायचे. मला ते आरशातून दिसायचे.

एका रविवारी लिंडसे अंगणात पिकअप धूत होता. दोघी दोन बाजूंनी त्याच्याकडे आल्या. मर्ल म्हणाली, "हिला जरा शिकव रे. माझ्या गाडीची वाट लावतेय." रोवीना म्हणाली, "लिंडसे, तिला गॅरेजमध्ये दाखव. तिच्यात काहीतरी बिघडलंय." लिंडसेने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि "हिचं ऑइल बघायचं राहिलं" म्हणत पिकअपच्या बॉनेटमध्ये डोकं घातलं. त्या बॉनेटमध्ये तो इतका वेळ होता की तेवढ्यात नवं इंजिन बांधून झालं असतं.

रोवीना हटली नाही हे मात्र खरं. कामावरून आल्यावर घरापासून फाटकापर्यंत ती एकटी मला पुढेमागे करायची. बूट काढून मोज्यांनी बघायची, मोजे काढून अनवाणी बघायची. "काय चुकतंय गं माझं?" म्हणायची. मला तिची कीव यायला हवी होती. नाही आली. ती जागा मर्लची होती.

मग तो बुधवार आला.

क्लबचा शेवटचा सामना होता. मर्ल पांढऱ्या कपड्यांत, टोपीसकट तयार. चढावर येऊन आम्ही थांबलो. उजवीकडून ट्रक येत होते, एकामागून एक. रोवीनाने हँडब्रेक ओढला. मर्ल म्हणाली, "ब्रेक कशाला ओढतेस? तोलून धर." एक ट्रक गेला, थोडी मोकळीक दिसली. "आता! अगं, जा आता!" मर्ल ओरडली. रोवीनाने ब्रेक सोडला, क्लच सोडला, आणि माझ्या अंगात अशी थरथर उठली की पूर्वी कधी उठली नव्हती. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. आणि मी मागे घसरले.

रोवीनाने ब्रेक दाबला, पण खडीवरून चाकं सरकतच राहिली. माझी पाठ स्टॉलवर आदळली. फळ्या कडाकड मोडल्या. सफरचंदं टपाटप डिकीवर, खडीवर, माझ्या मागच्या चाकांखाली. चाकांखाली ती चिरडली आणि सगळीकडे आंबटगोड वास सुटला. कुणाला लागलं नाही. पण सेसने बांधलेला स्टॉल भुईसपाट झाला होता.

मर्लने वळून त्या फळ्यांकडे पाहिलं. मग दार उघडून बाहेर आली, काठी टेकून.

"मर्ल, बसा. तुम्हाला लागलं का कुठे?"

"मी चालत जाईन."

"या गुडघ्यावर? मर्ल, ऐका, गाडीत बिघाड आहे. मी शपथेवर सांगते."

"गाडीत नाही," मर्ल म्हणाली. "गाडी बावीस वर्षं माझ्याकडे होती."

रोवीना खाली उतरली. किल्ली तिने माझ्या छपरावर ठेवली, आपटली नाही, नुसती ठेवली, आणि ती घराकडे चालत गेली. त्यानंतर तिने मला हात लावला नाही. कामाला जायला शेजाऱ्यांच्या गाडीतून जायची, येताना पायी यायची.

आणि महिनाभरात लिंडसेने ती आणली. पांढरी. ऑटोमॅटिक.

तिला क्लच नाही. गिअर आपले आपणच बदलतात. ती अंगणात आली तेव्हा मला आवाजसुद्धा ऐकू आला नाही. एकदम समोर येऊन उभी, गुळगुळीत, पोटातलं पाणी न हललेली. शेडमधून मला बाहेर काढलं आणि तिला आत ठेवलं. मी वॉटलच्या झाडाखाली. त्याच्या फुलांची पिवळी पूड माझ्या काचेवर साचायची, पक्षी यायचे ते काय करून जायचे ते सांगायला नको. समोर शेडचं दार उघडं असलं की ती आतून दिसायची, आरशासारखी चकचकीत. अंगावर सवत आणली की बाईला काय होतं ते मला तेव्हा कळलं.

एकच समाधान होतं. मर्लने तिच्यात पाऊल टाकलं नाही. लिंडसे म्हणाला, "आई, एक चक्कर तर मारून बघ." मर्ल म्हणाली, "फ्रिज आहे तो. चाकं लावलेला फ्रिज." मला इतका आनंद झाला की बॅटरी उतरलेली नसती तर मी हॉर्न वाजवला असता.

"अगं, पण हिला डावा पाय लागतच नाही," लिंडसे म्हणाला. "तुझा उजवा गुडघा तर ठणठणीत आहे."

मर्लने उजवा गुडघा चोळला. ती विचार करतेय हे मला दिसलं.

दोनचार दिवस गेले. एका सकाळी रोवीना मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मर्ल बाहेर आली. पांढरे कपडे, टोपी, हातात किल्ली. ती माझ्या दिशेने यायला लागली. मला वाटलं, आली. शेवटी माझ्याकडेच आली. ती जवळ आली, माझ्या मागच्या दारातून आपली उशी काढली, झटकली, आणि शेडमध्ये गेली.

पांढरी तिला घेऊन बाहेर आली. एकही झटका नाही. चढावर थांबली, ट्रक गेला, आणि लोण्यातून सुरी जावी तशी निघून गेली. मर्लने माझ्याकडे वळून पाहिलंही नाही. दुपारी परतली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. किती महिन्यांत ती स्वतः कुठे गेली नव्हती! तिला बरं वाटलं याचं मला बरं वाटायला हवं होतं. मी मात्र त्या पांढरीचे चारही टायर एकदम बसावेत असं म्हणत उभी होते.

त्या दिवसापासून मर्लचा पाय घरात ठरेना. आज क्लब, उद्या शेजारचं ह्यूनव्हिल, परवा मैत्रिणीकडे चहा. एका सकाळी रोवीना कामाचे कपडे घालून बाहेर आली तर शेड रिकामं.

"मर्ल!" तिने रस्त्याकडे पाहून हाक मारली. गाडी केव्हाच वळणापार गेली होती. त्या दिवशी सुट्टी असलेला लिंडसे खिडकीतून म्हणाला, "हिरवी आहे ना तुला?" आणि लगेच आत सटकला.

रोवीना माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मीही तिच्याकडे पाहत होते. मग ती फस्सकन हसली. "चल बाई. आपण दोघीच उरलोय."

तिने शेजाऱ्याच्या बॅटरीला वायरी जोडून मला चालू केलं आणि सगळ्या वाटेने थरथरवत, थडथडवत गावात नेव्हच्या गॅरेजमध्ये नेलं.

नेव्ह हा तोंडाने अखंड बोलणारा आणि हाताने हळूहळू काम करणारा माणूस. त्याने माझा गिअरबॉक्स उतरवला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटात उजेड पडला. लाज वाटली मला.

"हे बघ," नेव्ह म्हणाला. "हे मोठं चाक इंजिनाबरोबर फिरतं. ही प्लेट गिअरबॉक्सकडची. तू पेडल सोडलंस की प्लेट जाऊन चाकाला चिकटते आणि गाडी निघते. चाक एकसारखं असेल तर सगळीकडून सारखी पकडते. आता हे चाक बघ."

चाकावर निळे-काळे डाग होते.

"जळालंय. जिथे जळालं तिथे कडक झालंय. म्हणून प्लेट एका जागी पकडते, पुढे सुटते, परत पकडते, परत सुटते. तीच तुझी थरथर. त्यात इंजिन ज्या रबरावर बसतं ते फाटलंय, म्हणजे नाचायला आणखी मोकळीक."

"मी केलं का हे?" रोवीनाचा आवाज एकदम लहान झाला होता.

"तू? तुला येऊन किती दिवस झाले? हे वर्षानुवर्षांचं काम आहे. कुणीतरी पेडलवर पाय ठेवूनच गाडी चालवली. चढावर हाफ क्लचवर तोलून धरली." नेव्ह हसला. "आता हे कुणी केलं ते तुला सांगायला नको."

रोवीनाने त्या डागांवरून बोट फिरवलं. मग तिच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की बस्स. दोन दिवसांत चाक घासून सारखं झालं, नवी प्लेट बसली, नवं रबर बसलं. जुनी जळकी प्लेट तिने वर्तमानपत्रात गुंडाळून मागून घेतली आणि माझ्या डिकीत ठेवली. परतताना ती मोठमोठ्याने तालीम करत होती. "मर्ल, बसा. तुम्हाला एक गंमत दाखवते. काय म्हणाला होतात तुम्ही? पायात असावं लागतं? आहे खरं. तुमच्या पायात आहे!" मग पुन्हा, जरा वेगळ्या आवाजात. मी थरथरत नव्हते, हे तिच्या लक्षातही आलं नाही. माझ्या मर्लचा अपमान होणार, आणि तोही माझ्याच डिकीतून.

फाटकापाशी मर्ल होती. उलट्या खोक्यावर बसून ती मोडक्या स्टॉलची फळी रंगवत होती. नव्या फळ्या ठोकून झाल्या होत्या, वेड्यावाकड्या. नाकावर पांढरा रंग लागला होता.

"काय निघालं?" तिने वर न बघता विचारलं.

रोवीना उतरली. डिकीपाशी गेली. झाकणावर हात ठेवला.

"रबर फाटलं होतं," रोवीना म्हणाली. "जुनं झालं होतं."

"एवढंच?"

"एवढंच."

मर्लने ब्रश रंगात बुडवला. "मग ठीक आहे," म्हणाली. रोवीनाने तिच्या हातातून दुसरी फळी घेतली आणि धरून उभी राहिली.

पुढच्या महिन्यात पांढरी सर्व्हिसिंगला गेली (जावं लागतं तिलाही, ऐकून बरं वाटलं), आणि बुधवारी मर्ल पुन्हा माझ्या डाव्या सीटवर येऊन बसली. चढावर थांबलो. ट्रक गेला. रोवीनाने ब्रेक सोडला, क्लच सोडला, आणि आम्ही निघालो. गुपचूप, सरळ.

"थरथरली नाही," मर्ल म्हणाली.

"माझा पाय शिकला."

"खोटं बोलतेस. नेव्हने क्लबात सगळ्यांसमोर सांगितलं मला. त्या मेल्याच्या पोटात काही राहतं का?"

रोवीनाने रेडिओ बारीक केला.

"तू का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही दोन आठवडे माझ्याशी बोलला नसतात."

"तीन," मर्ल म्हणाली.

आणि दोघी हसायला लागल्या. मर्लचा चष्मा खाली घसरला. हसू ओसरल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सेस शेजारी बसून ओरडायचा ना. मागे घसरेल, पाय काढू नकोस, मागे घसरेल. तो गेला, पण मी पाय काढलाच नाही. रोज त्या चढावर माझा जीव मुठीत असायचा, रोवीना. कुणाला सांगितलं नाही. माझी गाडी, मी घेतलेली. मला तिची भीती वाटते असं कसं सांगू?"

रोवीनाने तिच्या हातावर हात ठेवला आणि लगेच काढला, कारण गिअर बदलायचा होता.

ती भीती होती. इतकी वर्षं मी जिला माया समजत होते, जिच्या उबेवर जगत होते, ती मर्लची भीती होती. तिच्या भीतीने माझं काळीज जाळलं आणि मी ते अंगाखांद्यावर मिरवलं. मला मर्लचा राग यायला हवा होता. राग नाही आला. पांढरीचा हेवाच आणखी वाढला. तिच्यात बसताना मर्लला भीती वाटत नाही. तिला ते सुख देता येतं, आणि मला कधीच आलं नाही.

"ती प्लेट कुठेय?" मर्लने विचारलं.

"डिकीत. तुमच्या तोंडावर मारायला ठेवली होती."

"दे मला." आता ती प्लेट स्टॉलवर कागदी पिशव्यांवर ठेवलेली असते, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.

त्यानंतर दोघींचं मेतकूट जमलं. रविवारी दोघी पांढरीतून ह्यूनव्हिलला जातात, स्कॅलपचे, म्हणजे शिंपल्यांचे, गरम पॅटिस खातात, येताना दारातून हसण्याचे आवाज. आमच्या तिघींत मत्सर सारखा वाटलेला होता तोपर्यंत तो हलका होता. त्या दोघींनी आपापला वाटा टाकून दिला आणि सगळा ओझ्यासकट माझ्याकडे आला.

मला रोवीना उरली. रोज सकाळी ती मला घेऊन निघते. नदीकाठचे म्हातारे वॉलेस, त्यांच्या कुत्र्यासकट. टेकडीवरच्या आयरिस बाई, त्यांना डॉक्टरकडे न्यावं लागतं. बसताना त्या माझ्या दाराला "थँक्यू" म्हणतात. गाडी चालवताना रोवीनाचा डावा पाय पेडलजवळ जमिनीवर मोकळा असतो. सुरुवातीला मला ओकंबोकं वाटायचं. रेडिओचं ते भलतं स्टेशन आता मलाही पाठ झालंय. मागच्या आठवड्यात तिने माझ्या सीटना नवी कव्हरं घातली. निळी. माझ्या रंगाला शोभत नाहीत, पण तिने निवडली.

आणि काल तिला ऑफिसातून फोन आला. माझ्या बॉनेटला टेकून ती बोलत होती. घरोघरी जाणाऱ्या सगळ्यांना ऑफिस नव्या गाड्या देणार आहे. ऑटोमॅटिक. पुढच्या सोमवारपासून.

"अरे वा," रोवीना म्हणाली. "छानच की."

छानच की! माझ्या अंगाची नुसती लाही झाली. कोण ती? कसल्या रंगाची? आयरिस बाईंना तिच्यात नीट बसता येईल का? वॉलेसांच्या कुत्र्याचे केस ती खपवून घेईल का? रात्रभर झाडाखाली मी जळत होते, आणि सकाळी धुकं उतरल्यावर माझ्या ध्यानात आलं की इतक्या वेळात मला मर्लची आठवणसुद्धा झाली नाही.

रोवीना, हे तुझ्याशी बोलतेय. तू सोमवारी जाशील, जावंच लागेल, तुझं काम आहे. तिच्याशी हसशील, तिचं सीट मागे ढकलशील, रेडिओ लावशील. लाव. पण माझी किल्ली व्हरांड्यातल्या खिळ्यावरून काढू नकोस, आणि मला विकायचं कुणी म्हणालं तर लिंडसेसारखी बॉनेटमध्ये डोकं घालू नकोस, तोंड उघड. आठवड्यातून एकदा, तुला वेळ असेल तेव्हा, ये. अनवाणी आलीस तरी चालेल.